सातव्या खांबाचा सांधा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मानवत,
मंगळवार, दि. २ नोव्हेंबर १९९३

मार्तंडा,

अक्काचा आशीर्वाद घे. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, यातच माझं अर्धं काम झालं. चार वर्षांत मी तुला तीन कार्डं टाकली आणि तिन्हींवर ‘इकडे सर्व खुशाल’ एवढंच लिहिलं. कार्डावर त्याहून जास्त मावत नाही, असं मनाला सांगत होते. या वेळी पाकीट आणलं आहे.

आम्ही सगळे शाबूत आहोत, हे आधी सांगते. तीस सप्टेंबरच्या पहाटे जमीन हलली तेव्हा फडताळातली भांडी वाजली, दत्ताचा फोटो तिरका झाला आणि सगळी गल्ली अंगणात येऊन बसली. इथे तेवढंच. किल्लारीकडचं तू पेपरात वाचलंच असशील. तुझे दाजी गॅस कटर घेऊन, दुकानातल्या वेल्डरला, भुजंगला, बरोबर घेऊन पंधरा दिवस तिकडे होते, पत्र्याच्या शेडी उभ्या करायला. परत आले तर दोन दिवस घास गिळवेना. एवढंच म्हणाले, “दगडामातीखाली माणसं गेली गं. लोखंडाचं घर असतं तर वाचली असती.” आणि ताटावरून उठून हात धुतले.

तेव्हापासून त्यांचा लोखंडावरचा विश्वास दुप्पट झाला आहे. गावाचाही. दाजींनी एकोणनव्वद साली दत्तमठाचं सभागृह बांधलं, ते तुला आठवतच असेल. आठ लोखंडी खांब, त्यांना वेल्डिंगने जोडलेले गर्डर आणि त्या गर्डरांवर बायकांना कीर्तनाला बसायची गॅलरी. तू पाहिलंस तेव्हा सांधे उघडे होते. नंतर प्रत्येक सांध्याभोवती प्लास्टरचं कमळ केलं आणि गुलाबी रंग दिला. भूकंपात त्यातल्या एका कमळाची पाकळीसुद्धा पडली नाही. खांबांचा रंगसुद्धा उडाला नाही. टपरीवर लोक म्हणतात, “व्यंकटरावाचं काम म्हंजे काम. भूकंप आला अन् हात जोडून गेला.” मठाचे विश्वस्त दिनकरराव परवा घरी येऊन गेले. गुरुप्रतिपदेच्या सप्ताहात, समाप्तीच्या दिवशी, दाजींना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं आहे. हे खुशीत आहेत. बऱ्याच दिवसांनी त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला.

आणखी एक घडलं. मठाचा राखणदार सटवाजी त्या पहाटे ओसरीवर निजला होता. तो सांगतो की जमीन हलली तशी आतून ‘ठण्ण’ करून एकदाच घंटा वाजली. कुणी हात न लावता. दत्ताने भक्तांना जागं केलं म्हणून आता दर गुरुवारी घंटेला हार पडतात. पाथरी-सेलूहून बायका येतात. आमच्या शेजारच्या सुलाबाई मला म्हणाल्या, “विमलाबाई, तुमी एवढं देवाचं करता, मठाची भांडी घासता, अन् घंटेला हार घालायला एकदा पण आल्या न्हाईत. रुसलाव का देवावर?”

मी म्हटलं, गुडघे दुखतात.

तुझं कसं चाललं आहे? आपल्या मामेबहिणीने, हेमाने, चुडाव्याहून लिहिलं होतं की तू मद्रासला गर्डर आणि खांबांचे सांधे मशीनवर चढवून हलवून हलवून मोडतोस, आणि भूकंपात कोणता सांधा कधी तडकेल ते आधी सांगता येईल का, याचा अभ्यास करतोस. आई असती तर म्हणाली असती, मोडायला मद्रासला कशाला जायचं, लहानपणी घरात काय शिल्लक ठेवलं होतं यानं!

एक विचारायचं होतं. सुलाबाईंच्या जावयाने गंगाखेडला वेल्डिंगचं दुकान टाकलं आहे. त्याचे रॉड मध्यंतरी थोडे भिजले. जास्त नाही. त्याने लगेच पुसून गच्चीवर दोन दिवस उन्हात वाळवले, हाताला अगदी कोरडे लागत होते. असे रॉड वापरले तर चालतात ना? आणि समज वापरून झाले असतील, आणि वरून भूकंपाचा एक धक्का येऊन गेला असेल, तर त्यातून पार पडलेला सांधा पक्काच समजायचा ना? सुलाबाई काळजी करतात म्हणून विचारते. सवडीने कळव. पण फार सवडीने नको.

पंधरा तारखेला भाऊबीज आहे. मी चार वर्षं ओवाळते तशी चंद्राला ओवाळीन. दुजेची कोर लवकर मावळते, त्यामुळे जरा धावपळ होते, बाकी काही नाही.

जप.

तुझी अक्का

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मानवत,
मंगळवार, दि. ८ फेब्रुवारी १९९४

मार्तंडा,

तुझी दोन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. पहिलं दिवाळीनंतर आलं, दुसरं मागच्या आठवड्यात. मध्ये विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या दिवसांत इथे बंदोबस्त होता, एस.टी. बंद होत्या, टपाल साचलं होतं, असं मी लिहू शकले असते. पण तीन महिने उत्तर दिलं नाही त्याचं कारण टपाल नव्हे.

पहिल्या पत्रात तू सुलाबाईंच्या जावयासाठी चार पानं लिहिलीस. रॉडवरच्या त्या पांढऱ्या लेपात पाणी मुरतं. साध्या रॉडला थोडी ओल खपते, पण जो चांगला, महागाचा रॉड असतो त्यालाच ती खपत नाही. उन्हात वाळवून वरचा ओलावा जातो, आत मुरलेलं पाणी भट्टीत तीनशे अंशांवर तापवल्याशिवाय जात नाही. ठिणगी पेटली की त्या पाण्यातला वायू वितळलेल्या लोखंडात शिरतो आणि एक-दोन दिवसांनी, सगळं थंड झाल्यावर, आतल्या आत केसासारखी चीर पडते. वरून काही दिसत नाही. मी हे इतक्या वेळा वाचलं आहे की न बघता लिहिते आहे.

आणि तू लिहिलंस की मशीनवर चढवायच्या आधी तुम्ही सांध्याला चुना फासता. चांगला सांधा आधी वाकतो. वाकला की चुन्याचे पोपडे गळतात, म्हणजे तो माणसाला पळायला वेळ देतो. वाईट सांधा वाकतच नाही. चुना जसाच्या तसा राहतो आणि एकदम आवाज होऊन सांधा सुटतो. ‘अक्का, खांबांचा रंगसुद्धा उडाला नाही असं तू कौतुकाने लिहिलंस, त्याच वाक्यावर मी अडकलो आहे.’ मी पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं आणि तीन महिने त्या डब्यातलं पीठ काढत राहिले.

दुसऱ्या पत्रात तू अमेरिकेचं लिहिलंस. तिथे जानेवारीत भूकंप झाला. बाहेरून नीट दिसणाऱ्या लोखंडी इमारतींचं प्लास्टर काढून पाहायला लागले, तर आत गर्डर-खांबांचे सांधे तडकलेले सापडायलेत, असं तुझ्या सरांना तिकडून कळलं. तुझ्या गणिताने सांगता येतं की इतक्या मोठ्या हेलकाव्याचे इतके झोके बसले तर सांधा जाईल. पण त्या गणिताला आधी हे कळावं लागतं की चीर मुळात कुठे आहे. ‘ते फक्त ज्याने काम केलं त्यालाच माहीत असतं, आणि तो सांगत नाही.’

आणि खाली एकच ओळ. ‘अक्का, सुलाबाईंना जावई आहे का?’

नाही रे. सुलाबाईंना मुलगीच नाही.

रॉड मी भिजवले.

एकोणनव्वदच्या खंडेनवमीला. दरवर्षी मी दुकानातल्या हत्यारांची पूजा करते. मशीनला हळद-कुंकू, हातोड्याला फूल. त्या वर्षी मठासाठी आणलेले रॉडचे पुडे घरात होते. माझ्या मनात आलं, हे देवाच्या खांबांना लागायचे, यांना नुसतं कुंकू काय लावायचं? मी दोन पुडे फोडले, रॉड परातीत मांडले आणि देवाला घालतात तसा दुधाचा अन् पाण्याचा अभिषेक घातला. गुरुचरित्राचा अध्याय म्हणत म्हणत. मग पदराने पुसले. रॉड ओले करायचे नसतात एवढं मला दुकानदाराच्या बायकोला ठाऊक होतं, मार्तंडा. पण देवाचं पाणी वेगळं, असं वाटलं. आणि नंतर फेकून द्यायचा जीव झाला नाही. दोन अख्खे पुडे! गच्चीवर धोतर अंथरून वाळवले, पुड्यात भरले, खूण म्हणून वर कुंकवाचं बोट ओढलं. यांना बोलले नाही.

भुजंगच्या लक्षात आलं होतं. चार-सहा दिवसांनी दुकानात मला म्हणाला, “काकू, कुंकवाच्या पुड्यातले रॉड लय फुरफुरायलेत. लोखंडावर फोड यायलेत.”

मी म्हटलं, “देवाच्या कामाला कुरकुर करू नकोस.”

तो मशीनकडे परत गेला. मोठ्या माणसाच्या बायकोने देवाचं नाव घेतल्यावर कोण बोलणार?

मग दिवाळीला तू आलास. भाऊबीजेच्या सकाळी दाजींबरोबर काम बघायला गेलास, शिडीवर चढलास. मी तिथे पाण्याचा तांब्या घेऊन आले होते. तू वरून म्हणालास, “दाजी, वेल्डिंगच्या खाली ही जी पट्टी लावलीय ती काढून टाका. वितळलेलं लोखंड खाली गळू नये, एवढंच तिचं काम. ठेवली तर तिच्या कडेतून चीर सुरू होते. जमीन हलली की सांधा तिथून जाईल. आणि हे वेल्डिंग मला बरं दिसत नाही, बुडबुडे आहेत.”

हे हसले. “पट्टीनं उलट बळकटी येती. अन् जमीन कुठं हलती रे इथं? बापजन्मात ऐकलं न्हाई.” तू आणखी काही बोलायला लागलास तसा त्यांचा आवाज चढला. मजूर बघत होते. “माझ्या ओट्यावर बसून शाळा शिकला अन् आता मला सांधा शिकवायलाय! बुडबुडे म्हणं! माझ्या कामाला नाव ठेवायचं असंल तर माझ्या घरचं ताट पालथं घालून जा.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मला आठवतं. तुला वाटलं असेल की अक्का नवऱ्यापुढे बोलू शकत नाही. तसं नव्हतं. ते बुडबुडे कशाचे, हे तिथे उभ्या असलेल्या माणसांत फक्त मला माहीत होतं. मी एक वाक्य बोलले असते तर भांडण तुझ्यावरून उठून माझ्यावर आलं असतं. मी तांब्या खाली ठेवला आणि ‘घरी चला, ओवाळायचं आहे’ असं म्हटलं. तू घरी आलाच नाहीस. स्टँडवर गेलास.

आणखी एक उरलं आहे, ते सांगायला मला यापेक्षा जड जातं आहे.

भूकंपाच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मठाची पितळी भांडी घासायची सेवा माझ्याकडे असते. संध्याकाळी आरतीनंतर मी समया आणि गाभाऱ्यातली घंटा काढून घरी आणली. त्या पहाटे घंटा माझ्या मोरीत चिंचेच्या पाण्यात पडली होती. उजाडताच त्या गडबडीत लोक मठात यायच्या आत मी ती नेऊन टांगली. दुपारी सटवाजीची गोष्ट गावभर झाली.

म्हणजे सटवाजीने ऐकलं ते काय होतं, हे तू मला सांगायची गरज नाही.

चार महिने लोक त्या घंटेला हार घालताहेत आणि मी गप्प आहे. आधी वाटलं, लोकांची श्रद्धा मोडू नये. मग कळलं की श्रद्धेच्या नावावर मी आपलीच कातडी वाचवते आहे. एकोणीस तारखेला सप्ताह बसतो. गॅलरीत रोज दीड-दोनशे बायका असतील, लेकरं मांडीवर घेऊन. कुठे ना कुठे जमीन परत हलल्याच्या बातम्या येतच असतात.

तुला हवं ते लिहिते. रॉडचा हिशेब मठाला द्यावा लागे, म्हणून कोणता पुडा कुठल्या खांबाला लागला ते मी तेव्हा वहीत लिहीत होते. वही काढून बघितली. कुंकवाचे पुडे खांब सहा, सात आणि आठला लागले आहेत. तिन्ही पूर्वेकडचे. तडकले असतील तर हे तडकले असतील. हे मी प्लास्टर फोडायच्या आधी लिहिते आहे, तारीख वर आहेच. तुझ्या अभ्यासाला उपयोग होईल.

सांधा रॉकेल आणि चुन्याने कसा तपासायचा ते तू लिहिलंस, ते मी नीट वाचलं. हे पत्र पेटीत टाकून मी घरी येणार नाही. तशीच दुकानात जाणार आहे. घरी आले तर पुन्हा उद्यावर टाकीन.

तुझी
विमला

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मानवत,
रविवार, दि. ६ मार्च १९९४

मार्तंडा,

तुझी तार मिळाली. ‘सांगितलंस का’ एवढ्या दोन शब्दांसाठी तार केलीस! मी सांगितलं होतं रे, त्याच दिवशी. सगळं क्रमाने लिहिते.

दुकानात गेले तेव्हा हे खुर्चीवर बसून कसलंसं माप घेत होते, भुजंग घासणीचं मशीन चालवत होता. मी म्हटलं, मशीन बंद कर. मग दोघांपुढे सांगितलं. अभिषेक, पुडे, घंटा, सगळं. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

यांनी मापाची टेप गुंडाळली. भुजंगला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“फुरफुरायले होते, मालक. काकूला बोललो होतो.”

“मला का न्हाई बोललास?”

भुजंग खाली बघत म्हणाला, “तुमाला बोलून काय झालं असतं? पाव्हणे बोलले, त्यांचं काय झालं?”

हे उठून बाहेर गेले. दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. स्वतः चहा करून प्यायचे, साखर सांडून. मी अन्न झाकून ठेवायची आणि सकाळी गाईला घालायची. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे राहून म्हणाले, “वही आण. कुठल्या खांबाला लागले, वाच.” मी वाचलं. “चल,” म्हणाले.

मठात दिनकरराव आडवे आले. “व्यंकटराव, पत्रिका वाटून झाल्या, बुवा ठरले. भूकंपानं जे हललं न्हाई, ते आता तुमी फोडता?”

“फोडत न्हाई. उघडून बघायलोय.”

“बाईच्या बोलण्यावर?”

“बाईच्या न्हाई,” हे म्हणाले, “माझ्याच कामाचा सांधा हाय. मला बघायचाय.”

सातव्या खांबाचं पहिलं कमळ यांनी स्वतः छिन्नीने उतरवलं. रंग खरवडला, सांधा तारेच्या ब्रशने घासून लख्ख केला. मग तू लिहिल्याप्रमाणे रॉकेल लावलं, वाट पाहिली, कोरड्या फडक्याने पुसलं आणि मी कालवलेल्या पातळ चुन्याचा हात दिला. चुना वाळत आला. काही नाही. पांढरंशुभ्र. दिनकरराव म्हणाले, “झालं का समाधान?” मी मनात दत्ताचं नाव घेत होते, आणि खरं सांगते, मला कळत नव्हतं की काय मागावं.

मग पट्टीच्या कडेशी एक ओलसर रेघ उमटली. केसाएवढी. बघता बघता ती लांबली, वीतभर झाली, आणि पट्टीपासून निघून खांबाच्या अंगात शिरलेली दिसली. सटवाजी खाली उभा होता, तो हळूच म्हणाला, “म्हंजे वहिनी, ही वाजली व्हती?”

“हो सटवाजी.”

“देव न्हाई वाजला?”

“घंटा माझ्या घरी होती. पण आवाज तुम्ही खराच ऐकला होता. तुम्ही सांगितला नसता तर मला कळलंच नसतं.”

त्याने गाभाऱ्याकडे पाहिलं. “मंग हार?”

“हार राहू द्या,” मी म्हटलं, “घंटेनं कुणाचं काय केलंय?”

आता तुझ्या अभ्यासासाठी. आठव्या खांबाला एक छोटी रेघ निघाली, बोटभर. सहाव्याला काहीच निघालं नाही, दोनदा लावूनही. म्हणजे मी तीन सांगितले होते, त्यातले दोन. हे तसंच्या तसं लिही, मला बरं वाटावं म्हणून तीन करू नकोस.

मी म्हटलं, चला, आता बंद करू. पण हे शिडी उचलून पश्चिमेला निघाले. “सगळे बघायचे,” म्हणाले. चार दिवस लागले. एका खांबाला दोन सांधे, अशी सोळाच्या सोळा कमळं उतरली. तिसऱ्या खांबाशी, जिथे कोरडे रॉड लागले होते आणि जो भुजंगने नव्हे, यांनी स्वतः जोडला होता, तिथे पट्टीच्या कडेशी रेघ उठली. हे शिडीवरच बसून राहिले. मला वाटलं चक्कर आली. मी शिडी धरली. खाली न बघता म्हणाले,

“ते दोन तुझे. हा माझा.”

घरी आल्यावर माझ्या हातची भाकरी खाल्ली. खाताना म्हणाले, “मार्तंडला लिही, पट्ट्या काढायलोय म्हणावं.” मी विचारलं, आणखी काय लिहू? “एवढंच लिही. त्याला कळतंय.” तुझ्या दाजींना माफी मागता येत नाही, पंचवीस वर्षांत मी ऐकली नाही. हे त्यातलं जे काही आहे ते मी तुला जसंच्या तसं पोचवलं. कमी वाटलं तर तसं सांग, मी त्यांना वाचून दाखवीन.

सप्ताह मठासमोरच्या मोकळ्या जागेत कापडी मांडवात झाला. सभागृहाला कुलूप. बायकांची फार कुरकुर. सुलाबाई म्हणायच्या, “गॅलरीतून बुवा दिसायचे. आता नुसते फेटे दिसायलेत.” पण मुकाट येऊन बसायच्या.

समाप्तीच्या दिवशी दिनकररावांनी तरीही शाल आणली होती. म्हणाले, पत्रिकेत छापलंय, घ्या. यांनी हात मागे घेतले. माईकवर यांना बोलता येत नाही, ते तुला माहीत आहे. “तीन सांधे तडकलेत,” म्हणाले, “काम माझ्या हातचं हाय. माझे मेव्हणे मार्तंडराव, त्यांनी चार वर्षाखाली याच जागी मला बजावून सांगितलं होतं. मी त्यांना घराबाहेर काढलं. शाल कुणाला द्यायची तर त्यांना द्या.” आणि खाली बसले. रॉडचं नाव काढलं नाही. माझंही नाही.

मला तिथे बसून राहता आलं असतं. नवऱ्याने पांघरूण घातलं होतं, ते अंगावर ओढून घ्यायचं, एवढंच होतं. मी उभी राहिले. बायकांच्या बाजूने कुणी उभं राहून बोलायची इथे रीत नाही, त्यामुळे आधी वाटलं कुणाला तरी पाणी हवं आहे. मी म्हटलं, रॉड मी भिजवले होते, आणि घंटा त्या पहाटे वाजली नव्हती, ती माझ्या घरी होती. दिनकरराव म्हणाले, “वहिनी, बसा.” मी सगळं सांगून झाल्यावर बसले.

त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. माझ्याकडून भांडी घासायची सेवा काढून घेतली आहे. दोघी-तिघी समोरून जाताना पदर सावरून तोंड फिरवतात. देवाला खोटं पाडलं म्हणतात. सेवा गेली याचं मला फार वाईट वाटतं, तुझ्यापाशी लपवत नाही. पारायण घरी करते. सुलाबाई मात्र रोज येतात. काल म्हणाल्या, “मला मुलगी न्हाई अन् तुमी जावई केला होता म्हणं! कसा होता, दिसायला तरी बरा?” कुणी सांगितलं कोण जाणे. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले.

आता कामाचं. तीन सांध्यांखाली यांनी टेकू दिले आहेत. बाकीच्या तेरांवर रेघ नाही. दिनकरराव म्हणतात, तेरा चांगले आहेत, तेवढी गॅलरी उघडू. पण तूच लिहिलं आहेस की रॉकेल वर उघडलेली चीरच दाखवतं, आतली दाखवत नाही. म्हणजे आम्ही फक्त एवढं सांगू शकतो की आम्हाला काही दिसलं नाही. हे आणि ‘चांगले आहेत’ यात फरक आहे, एवढं आता मला कळतं. शेवटी सगळ्यांनी मिळून गॅलरीच्या जिन्याची किल्ली माझ्याकडे दिली. दिनकरराव रागाने म्हणाले, “तुमालाच एवढी फिकीर हाय तर तुमीच ठेवा.” मी ठेवली.

दर गुरुवारी बायका मागायला येतात. देवाला नमस्कार करून खाली येतो म्हणतात, पाच मिनिटं म्हणतात, म्हाताऱ्या पार्वतीबाई तर रडल्या. मी नाही म्हणते. मला नाही म्हणायची सवय नव्हती.

तू ये. सुट्टी मिळत नसेल तर दोन दिवसांसाठी ये. मनात राग असेल तर तोही घेऊन ये, बोलायचं ते बोल; मी या वेळी ऐकून घेईन आणि ‘घरी चला’ म्हणणार नाही. फक्त बोलून झालं की शिडीवर चढ, तेरा सांध्यांना हात लाव आणि मला सांग, कुठे बसवू या बायकांना आणि कुठे नको. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर, देवाचं नाव घेऊन सांगितलं तरी, मी ते कुलूप काढणार नाही.

तू येईपर्यंत जिन्याशी उभी,

तुझी अक्का